बटाट्याला काय म्हणता?

माझ्या नणंदेची, मंगलताईंची, लेक बर्लिनला असते. जूनमध्ये आम्ही दोघी तिच्याकडे गेलो, आणि मधल्या बारा दिवसांत रेल्वेने थोडं फिरून यायचं ठरलं. मंगलताई कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. लेकीने निघताना बजावलं, "आई, कुठेही जा, बटाटा मिळेल. तेवढा शब्द पाठ करा दोघी, उपाशी राहणार नाही."

मी वहीत चार रकाने पाडले: पाणी, मीठ, बटाटा, मांस नको. मला वाटलं, पोलंड, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, चेक या सगळ्यांच्या भाषा स्लाव्ह कुळातल्या, मराठी-कोकणी-गुजरातीसारख्या शेजारी-शेजारी. एकदा शिकलं की काम भागेल. पाणी आणि मिठाच्या बाबतीत ते बरोबर निघालं. बटाट्याने मात्र शेवटपर्यंत दमवलं.

पहिला दिवस, पॉट्सडॅम

सुरुवात घराजवळच. बर्लिनहून लोकलने पॉट्सडॅम, तिथून बसने सां-सूसी राजवाडा. पॉट्सडॅम ही ब्रांडेनबुर्ग राज्याची राजधानी. हे नाव तेव्हा कानावरून गेलं, लक्षात ठेवावं असं काही वाटलं नाही.

राजवाड्याच्या गच्चीवर प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक पुरलेला आहे. साधी सपाट फरशी, वर नाव, आणि फरशीवर बटाटे! कुणी एक ठेवलेला, कुणी तीन, एकाला तर कोंब आलेले. ताईंना आधी वाटलं कुणाच्या पिशवीतून सांडले. मग भाचीने सांगितलं की याच राजाने २४ मार्च १७५६ ला फर्मान काढून शेतकऱ्यांना बटाटा लावायला भाग पाडलं, म्हणून लोक अजून आणून ठेवतात. शेतावर पहारेकरी बसवायचे आणि रात्री त्यांना मुद्दाम डुलक्या काढायला सांगायचं, म्हणजे काहीतरी मोलाचं असणार म्हणून लोक बटाटे चोरून नेतील, अशीही गोष्ट तिथे सांगतात. तीच गोष्ट फ्रान्सवाले त्यांच्याकडे बटाटा रुजवणाऱ्या पार्मांतिएची म्हणून सांगतात, त्यामुळे मी ती फारशी मनावर घेतली नाही. शेजारी राजाच्या लाडक्या कुत्र्यांच्या फरशा आहेत. त्यांच्याजवळच पुरा, असं तो सांगून गेला होता. १७८६ मध्ये गेला आणि त्याची ती इच्छा १९९१ मध्ये पुरी झाली.

जर्मन शब्द कार्टोफेल. मूळ इटालियन, 'तार्तूफोलो'. ट्रफल या जमिनीखाली मिळणाऱ्या महागड्या बुरशीला इटलीत 'तार्तूफो' म्हणतात, त्या शब्दाचं हे धाकटं रूप. बटाटाही जमिनीतूनच निघतो, म्हणून तेच नाव याला चिकटलं. जर्मनांनी आधी 'टार्टोफेल' केलं, मग पहिल्या ट चा क झाला. हाच शब्द पुढे रशियनमध्ये कार्टोफेल आणि घरगुती कार्तोश्का, बल्गेरियनमध्ये कार्तोफ, रोमानियनमध्ये कार्तोफ.

"मग झालं की," ताई म्हणाल्या, "कार्टोफेल म्हणायचं, सगळीकडे कळेल."

दुसरा दिवस, पोझनान

नाही कळलं. म्हणजे कळलं, पण काउंटरमागच्या बाईंनी भुवया उंचावल्या. पोलिशमध्ये 'कार्तोफेल' हा शब्द आहे, पण जर्मन वळणाचा. पुस्तकी शब्द झ्येम्न्याक, अनेकवचन झ्येम्न्याकी. 'झ्येम्या' म्हणजे जमीन, तर झ्येम्न्याक म्हणजे जमिनीतला. मी वहीत लिहिलं आणि अभिमानाने म्हटलं, "झ्येम्न्याकी." बाई हसल्या आणि पाटीवर बोट ठेवलं: पिरी.

पोझनानमध्ये बटाटा म्हणजे पिरा. इथल्या माणसांनाही बाकीचा पोलंड चिडवायला 'पिरी' म्हणतो, आणि हे लोक चिडत नाहीत, मिरवतात. शब्द पेरू देशाच्या नावावरून आला असं सांगतात. आम्ही खाल्लं ते 'पिरी झ ग्झिकेम': सालासकट उकडलेले बटाटे, आणि ग्झिक म्हणजे ओलसर चक्का, त्यात बारीक कांदा आणि कांद्याच्या पातीसारखी हिरवी पात. तोंडात घातल्यावर ताईंचे डोळे मिटले. फोडणी नव्हती, तेवढीच कमी.

बारा वाजता टाउन हॉलच्या घड्याळातून दोन पत्र्याचे बोकड निघतात आणि बारा टकरा मारतात. पाहिलं. ठीक आहे.

तिसरा आणि चौथा दिवस, क्राकूव

पाच तासांची गाडी. किल्ला, चर्च, चौक यावर इतक्या जणांनी लिहिलंय की मी थेट जेवणावर येते.

चौथ्या दिवशी संकष्टी. ताईंनी नवरा गेल्यावरही सोडलेली नाही, तर क्राकूवमध्ये कशी सोडतील? पोलंडमध्ये 'बार म्लेच्नी' नावाच्या स्वस्त खानावळी असतात. अर्थ दुधाचा बार, दारूचा नव्हे. भिंतीवर फळा, पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून ताट. उकडलेले बटाटे आणि विरजलेलं दूध एकत्र खायची इथे उन्हाळ्यातली पद्धतच आहे. ताईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "बघ, गणपतीच पाठवतो." उपवासाचा दही-बटाटा परदेशात आयता.

ताट आलं. कोवळे बटाटे, त्यावर लोणी, आणि लोण्यावर बचकभर शेपू.

हो, आपला शेपू. पोलंडमध्ये बटाटा आला की त्यावर शेपू पडतोच, आपल्याकडे पोह्यांवर कोथिंबीर पडते तशी. उपवासाला शेपू! ताईंनी ताट माझ्याकडे सरकवलं. मी खिडकीशी जाऊन फोनवर शोधलेलं वाक्य म्हटलं, "बेझ कोपेरकू." शेपूशिवाय. आतल्या बाईंनी मला असं पाहिलं, जणू मी हळदीशिवाय वरण मागितलं होतं. दुसरं ताट दिलं, पांढरंफटक, आणि वर आपणहून मिठाची पुडी. मीठ म्हणजे सूल. ते मात्र मला येत होतं.

चंद्रोदय रात्री साडेअकराच्या पुढे. तोवर हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसलो. तिथे इव्हानो-फ्रांकिव्स्ककडची एक युक्रेनी बाई बटाटे किसत होती, देरुनी म्हणजे बटाट्याची धिरडी करायला. तिची लेक शेजारी बसून शाळेचा अभ्यास करत होती, पोलिशमध्ये. मी वही पुढे केली. बाईने आधी लिहिलं 'कार्तोप्ल्या'. मग थांबली, आणि त्याखाली लिहिलं 'बाराबोल्या'. पहिला शाळेतला, दुसरा आजीचा. लेक म्हणाली, बेलारूसमध्ये 'बुल्बा' म्हणतात. आई म्हणाली, आमच्या गावात पण काही जण म्हणायचे. मग लेकीने पोलिश झ्येम्न्याक लिहिला. एका बटाट्याला एका टेबलावर चार शब्द.

पाण्याच्या रकान्यात मात्र पोलिश वोदा, युक्रेनी वोदा. ताईंनी ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आपलं उदकच ना हे?" खरंच तेच. संस्कृत उदक आणि स्लाव्ह वोदा एकाच मुळातले. पाणी, मीठ यांची नावं हे सगळे स्लाव्ह एका अंगणात होते तेव्हापासूनची. वाटण्या झाल्या तरी प्रत्येकाने ती जपून नेली. बटाटा दक्षिण अमेरिकेतून येऊन यांच्या शेतात रुजेपर्यंत भाऊ वेगळे होऊन हजारेक वर्षं झाली होती. ज्याच्या दारात जो फेरीवाला आला, त्याने सांगितलेलं नाव त्याने ठेवलं.

साडेअकराला ढग आले. ताईंनी ढगालाच ओवाळलं.

पाचवा दिवस, झाकोपाने

बसने डोंगरात. उतारांवर मेंढ्या, लाकडी घरं, रस्त्याकडेला धुरावलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. इथले डोंगरी लोक बटाट्याला 'ग्रूले' म्हणतात. मी आता चकित होणं सोडून दिलं होतं.

मोस्कोले मात्र विसरणार नाही. उकडलेला बटाटा पिठात मळून चुलीच्या तव्यावर भाजलेली जाड भाकरी, वर लसणाचं लोणी. करणाऱ्या आजी हाताने थापत होत्या. ताई दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या, मग आजींच्या शेजारी जाऊन हवेत थापून दाखवलं, की मीही अशीच करते. आजींनी पिठाचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. ताईंची भाकरी आजींच्यापेक्षा पातळ आणि गोल झाली. आजींनी ती वेगळी काढून ठेवली, विकली नाही.

सहावा दिवस, पोप्राद आणि कोशित्से

बसने तात्रा पर्वत ओलांडून स्लोव्हाकियात. हद्द कुठे लागली ते कळलंही नाही, फक्त झ्लोटी जाऊन युरो आले. शब्द झेमियाकी, पोलिश शब्दाचा सख्खा भाऊ. पहिल्यांदाच वहीतला रकाना खोडावा लागला नाही.

दुपारी ब्रिंड्झोवे हालुश्की. कच्चा बटाटा किसून पिठात कालवतात आणि भोकांच्या पळीतून उकळत्या पाण्यात पाडतात, थेट आपण बुंदी पाडतो तसं. गोळे वर तरंगले की काढायचे आणि मेंढीच्या आंबूस चीजमध्ये घोळवायचे. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते "बेझ स्लानिनी" म्हणून टाळले. 'बेझ' हा शब्द या प्रवासात देवासारखा धावून आला. पोलिशमध्येही बेझ, स्लोव्हाकमध्येही बेझ. "शिवाय" या शब्दावर अख्खं मध्य युरोप फिरता येतं.

रात्री कोशित्सेत ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, झेमियाकी शाळेतलं, आमच्याकडे 'बांदुर्की'. मग नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, 'क्रुम्प्ले'. दोघांचं त्यावरून तिथेच जुंपलं. आम्ही दार लावून घेतलं.

सातवा दिवस, बुडापेस्ट

कोशित्सेहून थेट गाडी. हंगेरियन भाषा स्लाव्ह नाही, आणि बाकीच्या बहुतेक युरोपाशीही तिचं नातं नाही. पाण्याला 'वीझ'. ताईंना हे फारच गमतीचं वाटलं. दर थोड्या वेळाने "वीज आण गं" म्हणत होत्या. मीठ 'शो', म्हणजे जवळपास. पण 'बेझ' गेलं, आणि आम्ही पोरक्या झालो.

१८९७ मध्ये उघडलेली मोठी मंडई आहे, लोखंडी खांबांची, रंगीत कौलांची. तिथल्या ढिगावर पाटी 'बुर्गोन्या'. मी "बुर्गोन्या" म्हटलं तर विक्रेता म्हणाला, "क्रुम्पली?" दोन्ही बरोबर. बुर्गोन्या पाटीवरचा आणि पावतीवरचा, फ्रान्सच्या बरगंडी प्रांतावरून आलेला. क्रुम्पली तोंडातला. आपल्याकडे पाटीवर 'प्रसाधनगृह' असतं आणि विचारताना कुणी तसं विचारत नाही, तसंच. आणि क्रुम्पली ऐकताच मला काल रात्रीचा क्रुम्प्लेवाला नवरा आठवला. दोन्ही जर्मन 'ग्रुंडबिर्ने'वरून. अर्थ, जमिनीतलं नाशपाती. जर्मन गावकरी बोलीत ग्रुम्बीर म्हणतात, त्याचं यांनी क्रुम्पली केलं.

जेवणाचा मात्र विचका झाला. एका हॉटेलात बटाट्याचं सूप मागवलं, मांस नको असं तीनदा सांगितलं, वेटर तीनदा "हो" म्हणाला. सूपात सॉसेजच्या चकत्या. विचारलं तर म्हणे, मांस नाही घातलं, हे तर सॉसेज! ताई काही बोलल्या नाहीत. पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर जाऊन चूळ भरली, आणि त्या दिवशी पुढे कशालाच हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं; आधी चव बघायचं काम माझं होतं.

आठवा आणि नववा दिवस, ल्युब्ल्याना

आठवा दिवस गाडीतच गेला. नववा मात्र माझा या प्रवासातला लाडका.

स्लोव्हेनियात बटाटा म्हणजे क्रोम्पिर. क्रोएशियात क्रुम्पिर, सर्बियात क्रोम्पिर, तेच जमिनीतलं नाशपाती. म्हणजे पोलिश आणि स्लोव्हाक भावांनी 'जमिनीतला' एवढंच स्वतःच्या भाषेत म्हटलं, आणि या दक्षिणेकडच्या भावांनी जर्मनांचा शब्द आख्खा उचलला, हंगेरियन शेजाऱ्यासारखा. भाषेचं कूळ एक आणि बटाट्याचं कूळ दुसरंच. बटाट्यापुरतं बघायचं तर स्लोव्हेनियाचं गोत्र हंगेरीचं.

सकाळी व्हिएन्नाच्या गाडीच्या आरक्षणासाठी रांगेत उभ्या होतो. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर पाहिलं, मान हलवली, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "शेजारच्या दोनच जागा उरल्यात. तुमच्याकडे क्रोम्पिर आहे!" मी दचकून पिशवीत पाहिलं. स्लोव्हेनियनमध्ये कुणाचं नशीब फळफळलं की त्याच्याकडे 'बटाटा आहे' म्हणतात. हे कळल्यापासून ताई नुसत्या खूश. नातवाला परीक्षेला जाताना दही-साखरेऐवजी बटाटा देणार म्हणाल्या.

दुपारी नदीकाठच्या बाजारात प्राझेन क्रोम्पिर: उकडलेले बटाटे ठेचून कांद्यावर खरपूस परतलेले. इथे याला नुसती साथीची भाजी न मानता स्वतंत्र पदार्थाचा दर्जा मिळावा म्हणून रीतसर संस्था आहे. हसू नका. बटाट्याच्या भाजीला पुरीशिवाय स्वतःची ओळख असावी, असं मलाही कधीचं वाटतं. फक्त इथे "तळताना कशात?" हे विचारायचं, कारण बऱ्याचदा डुकराची चरबी असते. आमचा तेलातला निघाला. बेझ परत कामाला आलं, 'ब्रेझ' होऊन.

दहावा दिवस, व्हिएन्ना

व्हिएन्नाची भाषा जर्मन, पण इथे कार्टोफेल म्हटलं की पाहुणे ओळखू येतात. इथे एर्डॅप्फेल, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. ऑस्ट्रिया १ जानेवारी १९९५ ला युरोपीय संघात गेला तेव्हा खाण्यापिण्याचे २३ ऑस्ट्रियन शब्द करारात लिहून घेतले. टोमॅटोचा 'पाराडायझर' आहे, जर्दाळूचा 'मारिले' आहे. 'बटाट्याची कोशिंबीर एर्डॅप्फेलचीच राहील' अशी तेव्हाची घोषणा होती, आणि गंमत ही की त्या २३ मध्ये एर्डॅप्फेल नाहीच! वनस्पतीतज्ज्ञ क्लूसियसकडे इथेच १५८८ मध्ये दोन बटाटे आले होते. म्हणजे राजा फ्रेडरिकच्या कितीतरी आधी, बागेतली शोभेची वस्तू म्हणून.

नाशमार्केट बाजारात ताईंनी वही स्वतःच्या हातात घेतली. एका तुर्की भाजीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पतातेस."

"अगं, हा तर आपला!"

आपलाच. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द 'बटाटा', तो स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांवर चढला आणि रताळ्याचं नाव बटाट्याला लागलं. पोर्तुगीजांनी तो गोव्याला, मुंबईला उतरवला, म्हणून मराठी, कोकणी, गुजरातीत बटाटा. उत्तरेकडे हिंदीने जुना संस्कृत कंदाचा 'आलू' त्याला दिला. आमच्याकडे समुद्रातून आला आणि नाव बदलायला कुणाला वेळच मिळाला नाही.

पलीकडचा दुकानदार इराणी. त्याने न विचारताच सांगितलं, "सीब-ज़मीनी." जमिनीचं सफरचंद, एर्डॅप्फेलसारखंच. ताई वळून म्हणाल्या, "जमीन? आपली जमीन?" हो, आपली जमीन फारसीतूनच आलेली. आणि तिथेच, सुक्या मेव्याच्या त्या दुकानासमोर, माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. पोलिश झ्येम्या, स्लोव्हाक झेम, फारसी ज़मीन, संस्कृतातली पृथ्वीवाचक क्षमा, सगळी एकाच मुळाची. म्हणजे क्राकूवमध्ये "झ्येम्न्याकी" म्हणताना मी अर्धं मराठीच बोलत होते. दुकानदाराने मूठभर पिस्ते दिले, पैसे घेतले नाहीत.

अकरावा दिवस, प्राग

गाडीत ब्रनोला एक आजी चढल्या. आता मी सवयीनेच वही पुढे केली. त्यांनी 'झेमाकी' लिहिलं आणि कंसात बारीक अक्षरात, प्रागवाले वेगळं म्हणतात. नाक मुरडून लिहिलेलं अक्षर कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

प्रागवाले म्हणतात ब्रांबोरी. एकवचन ब्रांबोर. चौकातल्या गाड्यावर ब्रांबोराक मिळाला, किसलेल्या बटाट्याचा खरपूस घावन. त्यात अंडं असतं, तेव्हा तो मी खाल्ला आणि ताईंनी उकडलेले घेतले. माझ्या घावनाचा वास मात्र त्यांना शांत बसू देईना. हुंगून म्हणाल्या, "मरवा आहे यात." मी म्हटलं, कसं शक्य आहे? गाडीवाल्याने बरणी दाखवली. मरवाच! आपण मोगऱ्याच्या गजऱ्यात ओवतो तो. इथे तो लसणाबरोबर बटाट्यात.

ब्रांबोर कुठून आला ते गाडीवाल्यानेच सांगितलं, आणि ऐकून मी कागदी बशी खाली ठेवली. चेकमध्ये ब्रांडेनबुर्गला ब्रानिबोर म्हणत, त्याचं ब्रांबोर. बटाटा तिकडून आला म्हणून त्याचं नावच 'ब्रांडेनबुर्गवाला'. पहिल्याच दिवशी ज्या राज्यात फरशीवर बटाटे पाहिले होते, तेच. रात्री वही उघडून बसले. युक्रेनी आजीचा 'बाराबोल्या'ही याच घरातला निघाला, ब्रांबोरचा पाहुणा. पुरातन काळचं पाणी सगळ्यांचं एक, आणि कालपरवाच्या बटाट्याला गावागणिक पत्ता: कुणाचा पेरूचा, कुणाचा बरगंडीचा, कुणाचा ब्रांडेनबुर्गचा.

बारावा दिवस, परत बर्लिन

गाडी नदीच्या काठाकाठाने जाते, कडे सुंदर आहेत. मी झोपले होते.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात शिरल्या. पिशवीतून प्रागच्या बरणीतला मरवा काढला. गाडीवाल्याकडून विकत घेतला होता, मला पत्ता लागू न देता. बटाट्याची भाजी, फोडणीत जिरं, हळद, मिरची, आणि शेवटी चिमूटभर मरवा. आम्ही सगळे बशा घेऊन उभे. ताईंनी आधी स्वतः चव घेतली, बराच वेळ चावलं.

"वाईट नाही," म्हणाल्या. "पण कढीपत्ता तो कढीपत्ता."